पेटीतला कचरा

सांगायला लाज वाटते, पण चहा उकळेपर्यंत सांगूनच टाकतो. तुम्ही हसणारच आहात, मग लपवून काय फायदा?

आठवीत शाळा सुटली, तरी मला काम मिळालं कागदाचं. पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या गावांत ग्रामपंचायतीबाहेर अभिप्राय पेट्या लावल्या होत्या. पाणी, दिवे, रेशन कसं मिळतं, ते लोकांनी चिठ्ठीवर लिहून आत टाकायचं. मी महिन्यातून एकदा पेटी उघडायची, चिठ्ठ्या वाचायच्या आणि तालुक्याला फोनवर कळवायचं. कोणाशी बोलायची गरज नाही. माझ्यासारख्या लाजऱ्याला याहून चांगली नोकरी कोणती?

पहिल्याच गावात पेटी उघडली. चिठ्ठी एकही नाही. आत चार खडे, जळक्या वायरचा तुकडा आणि रबराची एक फाटकी चकती. पोरांचे उद्योग, दुसरं काय! सगळं उकिरड्यावर टाकलं, झाडू घेऊन पेटी आतून झाडली, आणि ऐटीत कळवलं, "तक्रारी निरंक." हा शब्द मी नुकताच शिकलो होतो ना.

तेवढ्यात ताराबाई आल्या. साठीच्या, गुडघ्याला फडकं बांधलेलं, कडेवर रिकामी घागर.

"बाबू, बोरिंग दुरुस्त कराले मानूस कधी येते?"

"कोणतं बोरिंग?"

"कोन्तं म्हंजे? त्याचं फाटलेलं रबराचं वायसर टाकलं ना पेटीत. माया पोट्ट्यानं खोलून काढलं. पंधरा दिस झाले, या गुडघ्यानं नाल्यावरून पानी आनून राह्यली मी."

मी उकिरड्याकडे पाहिलं. "आणि ते खडे?"

"रेशनच्या तांदळातले. वायर खांबावरची. आमाले लिवता येत नाई, म्हनून जे बिघडलं तेच टाकलं. काऊन, तुले समजलं नाई?"

तालुक्याच्या मेकॅनिकला फोन लावला. तो याच गावाला निघाला होता, पण माझं 'निरंक' ऐकून दुसरीकडे वळला होता.

"परत येतो," तो म्हणाला, "पण जुनं वायसर दाखव. मापाचं बसलं नाही तर पुढच्या महिन्यात."

मग मी उकिरड्यात उतरलो. कोपरापर्यंत शेण. काठावर अर्धं गाव जमलं.

"काय हरवलं जी याचं?" कोणीतरी विचारलं.

"नौकरी," ताराबाई म्हणाल्या.

पण पदर खोचून त्याच माझ्या शेजारी उकरायला बसल्या, दुखरा गुडघा घेऊन. वायसर सापडलं ते एका कोंबडीच्या पायाखाली.

संध्याकाळी बोरिंगला पाणी आलं. पहिली घागर भरून ताराबाईंनी माझ्या हातांवर ओतली. "धू आधी. असा घरी गेला तर माय वळखनार नाई तुले."

पुढच्या महिन्यात पेटी उघडली. ना खडा, ना वायर. मी खूश झालो. मग तळाशी दिसली झाडूची एक काडी. या वेळी शहाणपणा केला, आधी विचारलं.

"ताराबाई, पंचायतीचा झाडू तुटला का?"

"नाई बाबू, झाडू चांगला हाय. तक्रार हाय पेटी झाडनाऱ्याची."

त्या दिवशी तालुक्याला कळवलं, तक्रार एक. कोणाविरुद्ध, म्हणून त्यांनी विचारलं. स्वतःचं नाव सांगावं लागलं, आडनावासकट.