डांबरात भरलेले पंजे

आमच्या गल्लीत डांबर टाकायला माणसं आली ती भर दुपारी. कुणाला सांगणं नाही, गल्लीच्या तोंडाला साधी दोरी नाही. मी शाळेत शिकवायला गेले होते. घरी अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि आमची गावठी कुत्री. अण्णांनी त्या दिवशी फाटक रंगवायला काढलं होतं, म्हणून ते सताड उघडं. कुत्री बाहेर पडली आणि गरम डांबरात पाय घालून ओरडत परत आली.

मी घरी पोचले तेव्हा अण्णांनी तिला नळाला बांधलं होतं. तिचा पुढचा पंजा एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हातानं ते थिनरच्या बोळ्यानं खसाखसा घासत होते. थिनरच्या वासानं माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. कुत्री ओरडायचीही थांबली होती. नुसती थरथरत होती.

"अण्णा, काय करताय हे!"

"डांबर काढतोय. गाडीला लागलेलं निघतंय की थिनरनं."

"ती गाडी हाय व्हय?"

मी बोळा हिसकावून अंगणाबाहेर फेकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातातून काही हिसकावलं असेल. डांबर अर्धं निघालं होतं, आणि त्याच्यासोबत कातडीही. बोटांच्या बेचक्यांत लालभडक मांस दिसत होतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि त्या माझ्यावरच भडकल्या. "चटका बसला तर आधी गार पाणी ओतायचं. डांबर काढायला स्वयंपाकघरातलं गोडंतेल चोळायचं, सावकाश, आणि मग साबणानं धुवायचं. थिनर कुणी लावलं? ते तिनं चाटलंय, जीभ बघा." जीभ सोललेली होती. डांबराचा चटका वरवरचा होता, खरी जखम थिनरची होती. "मी नव्हते घरी," एवढंच मी म्हटलं. अण्णा बाजूला उभे होते.

दुसऱ्या दिवशी शाळेला जायच्या आधी मी डांबरवाल्यांच्या मुकादमाला गाठलं. पुढच्या गल्लीत तोच प्रकार चालला होता.

"दोरी बांधायला काय होतंय तुम्हाला? एखादा बोर्ड तरी लावा."

"कुत्र्याला बोर्ड वाचता येतोय काय बाई?"

त्याची माणसं हसली.

"तिला न्हाय येत. पण उद्या एखादं शेंबडं पोर अनवाणी आलं, तर त्यालाबी न्हाय येणार!"

हसणं थांबलं. दोरी मात्र बांधली नाही. मी तिथंच उभी राहिले, येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून मागं फिरवत. शाळेला उशीर झाला. हेडमास्तरांना कारण सांगितलं, तर तेही हसले.

पुढं रोज मीठ घालून उकळलेलं कोमट पाणी, मलम, प्रत्येक बेचक्यात कापसाची घडी, वर सैल पट्टी. चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची मोठी कॉलर. अण्णांनी जवळ येऊन पाय धरू लागायचा प्रयत्न केला, की मी म्हणायची, "तुम्ही हात लावू नका." ते निमूट जाऊन व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसायचे. आणि पट्टी झाली, की ती मूर्ख कुत्री लंगडत जाऊन त्यांच्याच पायांशी पडायची. तिचाही राग यायचा मला.

मग परीक्षेचे पेपर तपासायला आले. दोन दिवस मी पट्टी बदलली नाही. तिसऱ्या दिवशी घरी आले, तर पट्टी सोडून बाजूला टाकलेली, आणि अण्णा तिचा पाय मांडीवर घेऊन बसलेले.

मी आधी ओरडले. बघितलं काहीच नाही. "सांगून कळत न्हाय तुम्हाला? एकदा वाटोळं केलं ते पुरं न्हाय झालं?" असलं बरंच काही. शेजारीण गच्चीवरून बघत होती.

अण्णा शांतपणे म्हणाले, "वास येत होता. पट्टी आतनं ओली हाय. हात लावून बघ."

पट्टी खरंच चिंब होती, पिवळी पडलेली. डॉक्टर म्हणाल्या, "बरं झालं सोडलीत. आणखी एक दिवस राहिली असती, तर पू वर चढला असता." मी मान हलवली. अण्णा तेव्हाही तिथंच उभे होते.

त्यांनी थिनरबद्दल मला कधी "चुकलं" म्हटलं नाही. मीही त्या पट्टीवरून ओरडले, त्याबद्दल म्हटलं नाही. महिन्याभरात पंजे भरले, गुलाबी कातडी आली, ती पुढं काळी पडली. कुत्री आता गच्चीवर धावते. फाटक अजून अर्धंच रंगवलेलं आहे. आणि अण्णा कधी भाजीच्या चवीवरून, कधी टीव्हीच्या आवाजावरून काही बोलले, की माझा आवाज गरजेपेक्षा जास्त चढतो. तो कशासाठी चढतो, ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.