सेतुरावांनी तीनदा काढलेली फाइल

१२ जून २००४, शनिवार. काम एकच होते: खटखट करणारी हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून मैलापूरला सेतुरावांकडे नेणे. आमच्या मोटार कंपनीच्या पुण्याकडच्या कारखान्यासाठी मी आठ महिने खपून लिहिलेली मराठी कामगार-पुस्तिका तिच्यावर होती. बारा प्रकरणे, सोमवारी छपाईला. दुसरी प्रत नव्हती. मूर्खपणा माझाच.

सेतुराव तंजावरकडचे मराठी, टेलिफोन खात्यातून निवृत्त; आता घरी बसून बिघडलेल्या डिस्कमधून फाइली काढून देत. त्यांनी डिस्क कानाला लावली, डोळे मिटले आणि गाण्याच्या कच्चेरीला बसल्यासारखा मांडीवर ताल धरला.

“ताल आहे. जीव आहे.”

“फाइली मिळतील ना?”

“मरणाऱ्यास एक गोष्ट एकदाच विचारावी, बाई. दुसऱ्यांदा विचारली की तो रागानेच जातो.”

हा त्यांचा नियम. दुसरा नियम म्हणजे काढलेली प्रत्येक फाइल स्वतः वाचायची. “पेशंटने डोळे उघडले म्हणून लगेच घरी सोडतात काय?” एका वकिलाला फाइली परत देताना त्यांनी सांगितले होते, “सर्व मिळाले. पण हा खटला तुम्ही हरणार.”

रविवारी दुपारी त्यांचा फोन आला.

“दहा प्रकरणे बरी. अकरावे सडलेले. तीनदा काढले, तीनदा तोच कचरा. चौथ्यांदा डिस्कच गेली.”

“आणि बारावे?”

“त्याची पाळीच आली नाही, अम्मा.”

बारावे आगीचे होते: आग लागली तर कोणी काय करायचे. मी म्हटले, “अकराव्यातला कचरा वाचून दाखवा.”

त्यांनी अडखळत वाचले, “रोधक-नलिकेचे विलगीकरण करण्यापूर्वी दाबविमोचन अनिवार्यतः सुनिश्चित करावे.”

“यात काहीच बिघडलेले नाही. हे मी लिहिले आहे.”



“शुद्धीत?”

“सेतुराव, याचा अर्थ, ब्रेकची नळी सोडवण्याआधी दाब उतरवा.”

“अय्यो, मग तसे का लिहिले नाही? मी तीनशे वर्षांची जुनी मराठी बोलतो, मला वाटले डिस्क बरळते!”

“एकदाच विचारायचे, हा नियम कोणाचा?”

“माझा. तुमच्या वाक्याने मोडवला. अर्धा दोष डिस्कचा, अर्धा तुमचा.”

स्वतःसाठी त्यांनी काही शिल्लक ठेवले नाही. मला राग आला. पण कारखान्यातला माणूस हातात पाना घेऊन ते वाक्य वाचतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

सोमवारी सकाळी मी साहेबांना फोन करून छपाई चार दिवस पुढे ढकलायला लावली, मैलापूरची बस पकडली आणि सेतुरावांच्या ओट्यावर बसून आगीचे प्रकरण नव्याने लिहायला घेतले. एक वाक्य लिहायचे, त्यांना वाचून दाखवायचे, आणि त्यांनी मान डोलावली तरच पुढचे.