दारातून परत नको येऊ

नागपूरजवळ हिंगण्याच्या कारखान्यात मी फिटर होतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. जर्मनीहून नवं मशीन येणार, म्हणून कंपनीनं मला काही महिने न्यूरेंबर्गला शिकायला धाडलं. निघताना कोणी घड्याळ आणायला सांगितलं, कोणी सेंटची बाटली. मायनं वेगळंच सांगितलं.

"तिकडचं मोठं देऊळ आतून पाहून ये. आत काय असते, मले सांग. दारातून परत नको येऊ गा."

"माय, आपून तर देव सोडला ना वं?"

"देव सोडला बाप्पा. आत काय होतं ते पाह्यचं राह्यलंच ना."

कुहीकडच्या तिच्या माहेरी लहानपणी ती देवळासमोरचं अंगण झाडायची. पायरीपर्यंतच. पायरीच्या वर ना तिचा झाडू जायचा, ना ती. पुढं नागपुरात तिनं धम्मदीक्षा घेतली, तेव्हा मी तिचं बोट धरून होतो. घरातले देव तिनं त्याच आठवड्यात काढले. पण ती पायरी काही तिच्या डोक्यातून निघाली नाही.

आणि मी? सगळे रविवार झोपून आणि कपडे धुऊन घालवले. शेवटचा एक उरला, तर त्या दिवशी सकाळपासून पाऊस. आपल्यासारखा झोडपून मोकळा होणारा नाही, नुसती थंडगार पिरपिर. घरमालकीण खिडकीकडं बोट दाखवून नको नको म्हणत होती. मी तिचीच छत्री उचलली आणि निघालो.

किल्ला पाहिला, तट पाहिला, नदीवरचे दगडी पूल पाहिले. आपल्या नागपुरातल्या बर्डीच्या किल्ल्यात जन्मात पाय ठेवला नव्हता, आणि इथला बुरूज न् बुरूज पाहत हिंडलो. खरं सांगायचं तर बहाणे होते सगळे. मी चर्च, म्हणजे मायचं ते मोठं देऊळ, टाळून राहिलो होतो.

दुपारी एकदाचा समोर जाऊन उभा राहिलो. दोन उंच मनोरे, दार सताड उघडं. म्हाताऱ्या बाया आत चालल्या होत्या, पोरंटोरं चालली होती, कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. माझे पाय मात्र पायरीशी येऊन थांबले ते थांबलेच. छत्री गळायला लागली, कॉलरमधून पाणी पाठीत उतरलं, तरी मी तिथंच. मग स्वतःचाच असा राग आला म्हणता! अबे, मशीनचा गिअरबॉक्स बिनधास्त खोलतो, आणि चार पायऱ्या चढायला काहून अडतो? मायला काय सांगशील, दार छान होतं म्हणून?

बस्स. बूट काढले, पायरीच्या बाजूला जोडीनं नीट मांडले आणि ओल्या मोज्यांनिशी आत शिरलो.

दाराजवळच्या पहिल्याच बाकावर बसलो. थोड्या वेळानं मागून बाईमाणसाचा आवाज आला, चांगला चढलेला. झालं, धरलं! पण दोन्ही हातांनी बाक घट्ट पकडला. उचलून न्यायचं तर न्या म्हटलं, मी काही आपल्या पायांनी बाहेर जात नाही.

ती समोर आली. तिथलं झाडलोट पाहणारी म्हातारी असावी, कमरेला एप्रन होता. तिच्या हातात माझे बूट. तिनं ते उलटे केले, तर हे एवढं पाणी! मग आजूबाजूच्या लोकांच्या पायांकडं बोट केलं. सगळ्यांच्या पायांत बूट. पोराला रागवावं तशी ती मला रागवली, मधेच फस्सकन हसली, बूट भिंतीलगतच्या ऊब देणाऱ्या गरम पाइपाजवळ वाळत ठेवले आणि माझं कोपर धरून मला थेट पुढं नेलं. अगदी पुढं. मी हात जोडले नाहीत. डोळे फाडून पाहत राहिलो फक्त, मायसाठी.

घरी परतलो तेव्हा माय सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. रंगीत काचा, मेणबत्त्या, लाकडी मूर्ती. बुटांचं ऐकून ती पोट धरून हसली.

"आन् बसाले बाकडे? देवासमोर?"

"हो ना. कोणीही बसा."

"तुले कोणी हटकलं काय?"

"नाही वं."

"मंग इतका वेळ पावसात काहून उभा होता?"

मी सुपातले खडे वेचू लागलो. तिनं निवडणं थांबवलं.

"अडवणारा इथूनच संगं घेऊन गेला होता काय गा?"

तिनं सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले.

"उद्या सुट्टी हाय ना तुले? माह्या माहेराकडची, कुहीची पहिली मोटार केव्हा सुटते?"