आत्याबाईंची विहीर

मोताळ्याच्या मुलींच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून रुजू झाले, त्याच्या थोडंच आधी गावात एक कलादालन उघडलं होतं. बंद पडलेल्या, कापसाच्या जिनाच्या ऑफिसाची ती खोली. दारावर सुबक अक्षरांत 'कलादालन' असं लिहिलेली पाटी होती, पण गावात कोणी तो शब्द उच्चारत नसे. लोक 'फोटोची खोली' म्हणत, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणत.

खोली जिनाच्या मालकांची होती. जिन बंद झालं तरी त्यांची शेती दूरवर पसरलेली होती आणि अख्खं गाव त्यांना नुसतं 'मालक' म्हणायचं. त्यांनी ती खोली हायस्कुलातल्या चित्रकलेच्या मास्तरांना वापरायला दिली, ती फुकट. तिथंच लोकांच्या मनात पाल चुकचुकली. मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते त्या नर्सबाई म्हणाल्या, "मालक कोनाले वाळला पाला देत नाहीत, अन् अख्खी खोली देली? काहीतरी हाये त्याच्यात. तू जपून राह्य बापा."

मास्तरांवरही लोकांचा भरवसा नव्हता. ते कोकणातले. संध्याकाळी वही घेऊन शिवारात हिंडत, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून झाडं, विहिरी, बैल काढत. तेव्हा सीलिंगचा कायदा नवा होता. ठरलेल्या हद्दीपलीकडची जमीन सरकार काढून घेणार, आणि ओलिताची असेल तर ती हद्द आणखी खाली येणार, एवढं सगळ्यांना कळलं होतं. अशा दिवसांत परमुलखातला माणूस शेताचं चित्र काढतो, तेही बांधासकट, म्हटल्यावर तो मोजणीवालाच असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. मास्तर दिसले की विहिरीवरची मोट थांबायची, बैल सावलीत बांधले जायचे आणि मोटकरी झाडाखाली झोपल्याचं सोंग घ्यायचा.

मला या सगळ्यात आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ओढलं. दर रविवारी त्या खोलीत बायांचा चित्रांचा वर्ग भरायचा. मोठ्या बाई म्हणाल्या, "एकट्या पुरुषमाणसानं बायांना शिकवणं बरं दिसत नाही. तुम्ही जाऊन बसत जा. एक चावी तुमच्याजवळ ठेवा." शाळेत माझ्याहून जुन्या शिक्षिका होत्या. त्यांना सोडून मलाच का, हा प्रश्न माझ्या मनात आला. मी उंद्रीकडची, आमचं घर बौद्ध झालेलं, गावात माझं असं कोणी नाही. काही बरंवाईट झालंच तर बोट दाखवायला मी सोयीची होते. मी चावी घेतली, पण हात मागे घ्यावासा वाटत होता.

वर्ग मात्र मला आवडायला लागला. मास्तर बाजारातून काही आणत नसत. गेरू, चुना, कपड्याची नीळ, दिव्याची काजळी, हळद, हेच रंग. पळसाच्या मुळीचं टोक ठेचून त्याचा कुंचला. जाड खाकी कागदावर बाया आधी फक्त रांगोळीतली कमळं काढत. मास्तर रागावत नसत, पण म्हणत, "हे हाताला पाठ आहे. पाठ नसलेलं काढा."

सुरुवातीला गावातल्या बौद्ध वस्तीतल्या दोघीतिघी यायच्या, त्या उंबऱ्यातच बसायच्या. कोणी त्यांना आत या म्हणत नव्हतं आणि कोणी बाहेर थांबा असंही म्हणत नव्हतं. मी मध्येच कुठंतरी स्टुलावर बसायची. एका रविवारी मालकांच्या बहीणबाई आल्या. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन त्या माहेरी परतल्या होत्या आणि त्याला आता फार वर्षं झाली होती; सगळं गाव त्यांना आत्याबाई म्हणे. त्यांनी दारात उभं राहून एकवार आत पाहिलं आणि उंबऱ्यातल्या बायांना म्हणाल्या, "अठी काऊन बसल्या बाई तुमी? उजेड अडून राह्यला ना सगळा. सरका आंदर." बाया सरकल्या. आत बसलेल्यांनी सतरंजीवर जागा केली, कुरकुरत का होईना. त्यानंतर कोणी उंबऱ्यात बसलं नाही.

तरी माझा संशय गेला नाही. मला वाटलं, मालकांनीच त्यांना पाठवलं असणार, इथं काय बोललं जातं ते कानावर घालायला. आत्याबाई बोलायच्या कमी आणि ऐकायच्या फार.

मास्तरांनी एकदा सांगितलं, "तुमचं ज्या जागेत सर्वांत जास्त आयुष्य गेलं ती जागा काढा." बहुतेकींनी चूल काढली. आत्याबाईंनी शेत काढलं. ते पूर्ण व्हायला त्यांना बरेच रविवार लागले. मधोमध चिरेबंदी विहीर, तिच्यावर दोन मोटा, धावेच्या उतारावरून उतरणारे बैल, मोटेतून थारोळ्याच्या कुंडीत पडणारं निळीचं पाणी, एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला गेरूच्या ठिपक्यांनी भरलेला मिरचीचा फड. बैल कुत्र्यांसारखे दिसत होते, पण पाणी इतकं खरं होतं की बाया त्याला बोट लावून पाहायच्या.

"कुठलं शेत हो हे?" मी विचारलं.

"हाये एक," त्या म्हणाल्या आणि कुंचला धुवायला उठल्या.

शनिवारी, बाजाराच्या दिवशी, मास्तरांनी बायांच्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं. बाजाराला आलेली माणसं पिशव्या, कोंबड्या, नांगराचे फाळ घेऊन तशीच आत शिरत होती. कोणाला आपली गल्ली ओळखू यायची, कोणी नुसतं हसायचं. एक म्हातारी चेहऱ्याचं चित्र पाहून म्हणाली, "असा कोनाचा चेहरा कागदावर उतरू नाही बाई. तो तिकडंच राह्यते." आणि नातवाला पदराखाली घेऊन निघून गेली.

दुपारनंतर एक चष्मेवाला माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, बगलेत चामड्याची बॅग, गावातला नक्की नव्हे. बाकीची चित्रं त्यानं चालता चालता पाहिली आणि आत्याबाईंच्या विहिरीसमोर येऊन उभाच राहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मास्तरांना विचारलं, "ही विहीर खरीच आहे का? कोणाच्या शेतात आहे?"

मास्तर म्हणाले, "मला माहीत नाही. मी फक्त चित्र शिकवतो."

तो हसला, बॅगेतून पेन काढून हातरुमालाच्या कोपऱ्याएवढ्या कागदावर काहीतरी टिपलं आणि गेला. बाहेर पडेपर्यंत त्या माणसाचा तहसीलदार झाला होता आणि बाजार उठेपर्यंत कलेक्टर ऑफिसचा मोठा साहेब.

दुसऱ्या दिवशी वर्गासाठी मी दार उघडलं. कुलूप धड होतं, सगळं जागच्या जागी होतं, फक्त विहिरीच्या चित्राच्या जागी नुसता खिळा होता.

मास्तर आले. खिळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मीही त्यांच्याकडे पाहत होते. तीनच चाव्या होत्या: एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे, एक मालकांच्या घरी मुनीमजींच्या खुंटीला. दोघांनाही जे विचारायचं होतं ते आम्ही विचारलं नाही. बाया जमल्या. आत्याबाईही आल्या, नेहमीची कापडी पिशवी मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्या चित्राची जागा रिकामी आहे हे त्यांना दिसलं असणार, पण त्या काही बोलल्या नाहीत. त्याचंही मला नवल वाटलं.

थोड्या वेळानं मालक आले, मागे मुनीमजी. मालक त्या खोलीत वर्ग चालू असताना कधी आले नव्हते. बायांनी पदर पुढे ओढले.

"विहिरीवाला फोटो कोठी हाये?" त्यांनी विचारलं.

मास्तर म्हणाले, "सकाळी दार उघडलं तेव्हा नव्हता. कुलूप शाबूत आहे."

"मंग गेला कोठी? पाय फुटले त्याले?" आणि ते माझ्याकडे वळले. "बाई, चावी तुमच्यापाशी बी हाये ना? तुमच्या लोकायचे मोर्चे निंगून राह्यले, जमीन द्या, जमीन द्या. त्या चष्मेवाल्याले नेऊन देला का तुमी?"

माझे कान तापले. सतरंजीवरच्या आमच्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. मी उभी राहिले. "मी नेला नाही. चावी तुमच्या घरीही आहे, मालक. घरी विचारलं का?"

"माह्यं शेत, माह्यी खोली, अन् मीच चोरी करीन?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "ते तुमचं शेत आहे होय? चित्राखाली तर तसं लिहिलेलं नव्हतं."

मुनीमजी खोकले. भरल्या खोलीत, गावातल्या बायांसमोर आपण काय बोलून गेलो ते मालकांच्या लक्षात आलं असावं. ते शेत त्यांनी सरकारला कोरडवाहू म्हणून दाखवलं होतं, ही कुजबुज मी नर्सबाईंकडून ऐकली होती. ते घाईघाईनं म्हणाले, "माह्यं म्हंजे, आता कोठी माह्यं हाये? माह्या नावावर नाहीच ते. बहिनीच्या नावानं करून टाकलं कवाचंच. येऊ द्या ज्याले यायचं त्याले चौकशीले."

भिंतीपाशी हालचाल झाली. आत्याबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"माह्या नावानं?"

मालकांना त्या तिथं आहेत हे माहीत नव्हतं असं दिसलं. पदर ओढून बसलेल्या बायांत त्यांनी बहिणीला पाहिलंच नव्हतं.

"तू घरी चाल," ते म्हणाले.

"कवा केलं माह्या नावानं? मले काऊन नाही सांगतलं?"

"कागदावरच हाये ते. तुले काय करा लागते त्याचं?"

"अंगठा घेतला होता माहा. तवा तर म्हनला का देवस्थानाचा कागद हाये." आत्याबाईंचा आवाज चढला नव्हता. त्यांनी पिशवीत हात घातला, गुंडाळी केलेला खाकी कागद काढला आणि सतरंजीवर उलगडला. विहीर, दोन मोटा, निळं पाणी.

"म्या नेला फोटो," त्या मास्तरांना म्हणाल्या. "तो चष्मेवाला पाहून गेला, तवा मले भेव वाटलं. म्हनलं, माह्या हातानं माह्या भावाले तरास नोको. खुंटीवरची चावी घेतली अन् काढून नेला. आज तुमाले सांगाले आनलाच होता." मग माझ्याकडे कागद दिला. "लटकवा बाई."

मी मालकांकडे पाहिलं. ते एक पाऊल पुढे आले. मला वाटलं, आता ते कागद हिसकावून फाडणार. पण मुनीमजींनी त्यांच्या बाहीला हात लावला आणि ते थांबले. मी चित्र खिळ्याला अडकवलं. चित्र तिरपंच लागलं.

"खाली लिवा," आत्याबाई म्हणाल्या. "माह्यी विहीर."

मी काजळीनं लिहिलं. मी लिहून वळले तेव्हा मालक निघून गेले होते.

पुढं जे झालं ते गावानं श्वास रोखून पाहिलं. आत्याबाई आठवडाभरात आपलं गाठोडं घेऊन त्या शेतावर राहायला गेल्या. मोटकऱ्यांना सांगितलं, आता विचारायचं ते मला विचारा. मालक कात्रीत सापडले. शेत आपलं म्हणावं तर सीलिंगमध्ये जाणार, बहिणीचं म्हणावं तर ते खरंच बहिणीचं होणार. शेवटी त्यांनी फक्त जिनाची खोली परत घेतली. पाटीसुद्धा काढून घेतली.

लोकांना मात्र खात्री होती की हे सगळं मी घडवून आणलं. आत्याबाईंचे कान मी भरले, मास्तर आणि मी मिळून चित्राचा कट केला. मोठ्या बाईंनी मला बोलावून विचारलं, "खरं सांगा, तुम्हाला कोणी पाठवलं होतं?" मी म्हटलं, "तुम्हीच पाठवलं होतं बाई." माझ्याकडे पाहण्याची त्यांची नजर शेवटपर्यंत निवळली नाही.

चष्मेवाला कोण, हेही कळलं. तो मलकापूरकडचा, विहिरीचं पाणी उपसायची ऑईल इंजिनं विकणारा एजंट होता. दोन मोटांची विहीर पाहून त्याला गिऱ्हाईक दिसलं होतं. तो शोधत शोधत शेतावर पोचला तेव्हा आत्याबाईंनी त्याला आधी चहा दिला आणि मग तू सरकारी माणूस नाहीस याची शपथ घ्यायला लावली.

वर्ग त्यांच्या शेतावर, मिरच्या साठवायच्या पडवीत भरायला लागला. चित्रं कुडाच्या भिंतीला सुतळीनं बांधायची. येणाऱ्या बाया कमी झाल्या. काहींना घरून मनाई झाली, काहींना लांब पडायचं. आल्या त्या मात्र नेटानं येत राहिल्या, आणि मास्तर तेवढ्यांसाठी एवढी पायपीट करत.

माझ्या मनात एक शंका तेव्हापासून आहे. आत्याबाईंना खरंच काही माहीत नव्हतं का? ज्या शेताबद्दल त्यांचे भाऊ घरात कुजबुजत, तेच शेत त्यांनी काढलं, तेही पाण्यासकट. एकदा मिरच्या निवडताना मी धीर करून विचारलं.

त्यांनी देठं खुडणं थांबवलं नाही. "बाई, जित्याजागत्या माणसाचा अंगठा घेतात, तवा त्याले कायतरी समजतेच," त्या म्हणाल्या. "पन किती समजलं, ते मी भावालेबी नाही सांगतलं. तुमाले कशी सांगू?"

आणि त्यांनी मिरच्यांचा आणखी एक ढीग माझ्यापुढे सरकवला.