मागच्या खोलीतला कूलर

धुळ्याच्या घरातली मागची खोली मी कॉम्प्युटरसाठी अडवली, त्याला आता चार उन्हाळे झाले. कुठल्या कुठल्या ऑफिसांनी भंगारात काढलेली तीन यंत्रं, एक लोखंडी मांडणी आणि घरभर भिंतींवर ठोकलेली केबल. कामावरून यायचं, चहा घ्यायचा आणि आत शिरायचं. हौस म्हणे! आता त्या खोलीकडे बघायचाही कंटाळा येतो.

माझी थोरली बहीण, अक्का, धरणगावला असते. तिच्या फोनमध्ये आईचे व्हॉइस मेसेज होते. मेसेज म्हणजे आईला चालू फोनच वाटायचा. "आयकू येस का?" असं विचारून ती उत्तरासाठी थांबायची, मग बिचारी आपणच पुढे बोलायची. आई गेली आणि गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्काचा फोन भरला. मी ऐटीत सगळे मेसेज माझ्याकडे उतरवून घेतले आणि तिला खुशाल पुसून टाकायला सांगितलं. माझ्याकडे दोन डिस्क होत्या, एक बिघडली तर दुसरी. दोन्ही एकाच यंत्राच्या डब्यात आहेत, हे मला तेव्हा खटकलंही नाही.

यंदा फाल्गुनातच यंत्रं तापून बंद पडायला लागली. मी हॉलमधला कूलर उचलून त्यांच्यासमोर नेऊन ठेवला.

"यंत्रांना गारवा आणि आम्हाला घाम," बायको म्हणाली.

मी कशाला ऐकतोय! महिनाभर बोअरच्या खाऱ्या पाण्याचा ओला वारा त्या डब्यात जात राहिला. एक दिवस उघडून बघितलं, तर आत सगळीकडे पांढरा थर आणि हिरवट गंज. दोन्ही डिस्क गेलेल्या. जळगावच्या दुरुस्तीवाल्याकडे दोन खेपा केल्या, त्याने नुसती मान हलवली. परतीच्या बसमध्ये डिस्कची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

आखाजीला अक्का आली. घागर पुजून झाली, जेवणं झाली.

"आईना आवाज लाव ना, भाऊ," ती म्हणाली.

मी कूलरपासून सगळं सांगितलं.

"एक बी नही?"

"एक बी नही."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फोन काढला, आईचं नाव उघडलं आणि ते रिकामं पान बोटाने वर-खाली सरकवून बघितलं.

"तू सांगं म्हनीसन पुसी टाकं रे मी," ती म्हणाली.