गोळीनंतरचा अर्धा तास

शहादेव मास्तरांना खोटं बोलता येत नाही. सगळं चौसाळा याला गुण म्हणतं. मी आजार म्हणतो. हायवेला लागून माझं मेडिकल आहे, त्यात नाना तऱ्हेच्या गोळ्या आहेत, पण यावर एकही नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एसटीचे. बीडच्या डेपोत कंडक्टर होते. एकदा त्यांच्या सासूबाई त्यांच्याच गाडीत बसल्या आणि जावयाची गाडी म्हणून ऐटीत खिडकीबाहेर बघत राहिल्या. मास्तरांनी त्यांचंही तिकीट फाडलं. सुटे नाहीत म्हणाल्या, तर गाडी थांबल्यावर खाली उतरून टपरीवरून सुटे आणले. सिंधुबाई, म्हणजे त्यांची बायको, ही गोष्ट सांगताना दर वेळी नव्याने चिडायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. लेक आम्रपाली पुण्याला बँकेत, तिचा संसार तिकडे. मास्तर माझ्या दुकानामागच्या दोन खोल्यांत एकटे.

एकटे म्हणजे किती एकटे ते मला ठाऊक आहे, कारण आमची भिंत एक आहे. दिवसभर त्या घरातून आवाज म्हणून येत नाही. एखादं भांडं पडलं तरी बरं वाटतं. फक्त सकाळी तिथे घर असल्यासारखं वाटायचं. आधी आम्रपालीचा फोन, मग अंघोळ, मग बुद्धवंदना. मास्तरांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर आणि वंदनाही खड्या आवाजात. पंचशील ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की मास्तरांचा आवाज जरा चढतो. मी दुकानापुढे झाडत असतो. मनात म्हणतो, हां, आलं सासूचं तिकीट.

तर हा फोन. मास्तरांना पित्ताचा त्रास जुना. नोकरीत जेवणाची वेळ कधी सापडली नाही, त्याचं हे फळ. सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल घ्यायची आणि अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही. सिंधुबाई तेवढा वेळ चहाचं पातेलंच चढवायची नाही. ती गेल्यावर मास्तर कॅप्सूल विसरायला लागले. उठले की चहा, आणि मग दिवसभर छातीत जळजळ. आम्रपालीला हे कळलं तशी तिने लांबूनच राखण सुरू केली.

"पप्पा, गोळी घेतली?"

"घेतली."

"आता चहा नाही. मी बसते फोनवर."

आणि खरंच अर्धा तास बसायची. ती तिकडे डबे करायची, हे इकडे खाटेवर. बोलणं तरी काय? शेपूची भाजी, पोराचा हरवलेला बूट, शेजारणीची कुरबुर. कधी कधी दोघंही गप्प असायची, नुसता पोळ्या लाटल्याचा आवाज यायचा. मास्तर तोही मन लावून ऐकायचे.

गेल्या उन्हाळ्यात एक दिवस जळजळ थांबेना. पित्तच समजून मास्तर आणखी एक कॅप्सूल मागायला माझ्या दुकानात आले. शर्ट घामाने भिजलेला, डावा हात उजव्याने धरलेला. मी गोळी दिली नाही. त्यांना गाडीत घातलं आणि बीड गाठलं, तिथून संभाजीनगर. स्टेंट बसला. रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली, ती दवाखान्यातूनच मिळायची. आम्रपाली रजा टाकून आली, राहिली, गेली. पण पित्ताच्या कॅप्सूलचं डॉक्टरांना ना तिने सांगितलं, ना यांनी. आपल्याकडे पित्ताच्या गोळीला औषध धरतो कोण? फुटाणे खावेत तशी माणसं त्या गोळ्या खातात. हृदयाच्या डॉक्टरांपुढे पित्ताचं काय काढायचं, असं दोघांनाही वाटलं असणार.

पुढच्या तपासणीला मास्तर एकटेच बीडला गेले. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही घेता का? मास्तरांनी खरं ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ती कॅप्सूल आजपासून बंद. तिच्यामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा जोर कमी होतो, आणि मग स्टेंटमध्ये गुठळी धरायची भीती. जळजळ झालीच तर रात्री झोपताना ही दुसरी घ्या. मास्तरांनी ती दुसरी माझ्याकडून नेली आणि हे सगळं मला नीट समजावूनही सांगितलं. नंतर आठवड्याने आले आणि पुन्हा जुनीच कॅप्सूल मागितली.

"मास्तर, डॉक्टरनं बंद केलीय ना ती?"

"केलीय."

"मंग कावून मागायलात?"

ते काउंटरची काच बोटाने पुसत राहिले. मग म्हणाले, "पोरगी सकाळी फोन करती. गोळी घेतली का म्हणती. मंग अर्धा तास बोलती."

"तिला सांगा की बंद झाली म्हणून."

"मंग ती कशाला बसंल फोनवर? तिला डबे हायत, बँक हाय, लेकरू हाय. गोळीसाठी बसती ती."

माझं डोकं फिरलं. "आवो, मंग घेतली म्हणून सांगा आन् द्या फेकून! कोण बघायलंय?"

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विनातिकीट सापडलो. "शिवशंकर, पोरीसंगं खोटं बोलू का?"

घ्या! गोळी बंद झालीय हे सांगायचं नाही, ते यांच्या लेखी खोटं नव्हे. पण घेतली म्हणायचं तर घ्यायलाच पाहिजे. या माणसाचा खरेपणा त्याच्याच जिवावर उठला होता. मी कॅप्सूल दिली नाही. मास्तर भांडले नाहीत. एसटीने बीडला जाऊन घेऊन आले.

मग रोज सकाळी भिंतीपलीकडून "घेतली" ऐकू आलं की मी झाडू जमिनीवर आपटायचो. विहाराच्या पायऱ्या चढताना मास्तर मध्येच थांबायला लागले. विचारलं तर म्हणाले, "छाती भरून येती जरा." मी रागावलो, हात जोडले, बोलणं सोडून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

एके दिवशी सकाळी फोन लागला आणि मास्तरांचा आवाज दमल्यासारखा आला. एकेक शब्द ओढून काढल्यासारखा. मला राहवलं नाही. हातात झाडू होता, तसाच आत शिरलो. मास्तर खाटेवर बसलेले, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळहातावर ती कॅप्सूल. फोन उशीवर.

"पप्पा, घेतली का गोळी?"

"आम्रपालीताई," मी ओरडलोच, "मी शिवशंकर बोलतोय, मेडिकलवाला. ही गोळी डॉक्टरनं बंद करायला सांगितलीय. हिच्यापायी हार्टची गोळी लागू पडत न्हाई. तरी ह्ये रोज खायलेत!"

तिकडे पोळपाटाचा आवाज थांबला.

"पप्पा, खरं आहे हे?"

"खरं हाय."

"मग का घेताय?"

मास्तरांनी कॅप्सूल मुठीत धरली.

"गोळी बंद झाली," ते म्हणाले, "तर तू कशाची बसचील फोनवर?"

आम्रपाली रडायला लागली. स्पीकरवरचं रडणं ऐकवत नाही. मास्तर पेला हातात धरून फोनकडे बघत राहिले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "गोळी नसली तरी मी फोन करीन. रोज करीन. ती काकांना देऊन टाका." मास्तरांनी कॅप्सूल माझ्या हातावर ठेवली आणि पाकीटही काढून दिलं.

दोन दिवसांनी ती आली, त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. स्टेंट शाबूत होता. वेळेत थांबलात, म्हणाले डॉक्टर. आता मास्तर विहाराच्या पायऱ्या न थांबता चढतात. मी स्वतः पाहिलंय.

आम्रपालीने शब्द पाळला. रोज फोन करते. सुरुवातीला तर तिने जिद्दीने अर्धा तास भरून काढला. पण आता राखायचं असं काही उरलं नव्हतं. फोन येतो तेव्हा मास्तरांच्या हातात चहाचा कप असतो. "चहा झाला का, पप्पा?" "झाला." "आणि रात्रीची गोळी?" "घेतली." मग मागे पोरगं काहीतरी मागतं, कुकर शिट्टी देतो, आणि ती म्हणते, "ठेवू का? उशीर होतोय." मास्तर लगेच म्हणतात, "ठेव, ठेव." माझं अर्धं अंगणही झाडून झालेलं नसतं. मला तिचा राग येतो, आणि राग यावा असं तिने काहीही केलेलं नाही. नोकरीवाली बाई, ती तरी किती बसणार?

मास्तरांनी कधी तक्रार केली नाही. फोन झाल्यावर ते कप घेऊन दारात बसून राहतात. चहा निवून जातो. मी "जय भीम, मास्तर" म्हणतो, ते "जय भीम" म्हणतात, आणि तेवढ्यावर त्यांचं सकाळचं बोलणं संपतं.

परवा फोन असाच आवरत आला होता. ठेवता ठेवता आम्रपाली थांबली. म्हणाली, "पप्पा, खरं सांगा. करमतं ना तुम्हाला तिथं एकट्याला?"

माझा झाडू थांबला. म्हटलं, आता हा माणूस खरं बोलणार. आणि मला ते हवं होतं. बोला मास्तर, एकदाचं बोलून टाका.

"करमतं की," मास्तर म्हणाले. "लई करमतं. तू आवर तुजं."

फोन बंद झाला. न्हाणीत पाण्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने वंदना सुरू झाली. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मग आवाज थांबला. हायवेवरून दोन-तीन ट्रक गेले. मी भिंतीशी तसाच उभा होतो. बऱ्याच वेळाने मास्तरांनी पुढचं म्हटलं, आणि ते पाचवं होतं.