बुडख्यापाशी शिवलिंगअण्णा

झाडावर कुऱ्हाड घालायच्या आदल्या संध्याकाळी शिवलिंगअण्णा त्या झाडापाशी जायचे, बुंध्याला विभूती लावायचे आणि वर बघून मोठ्यानं सांगायचे, "उद्या येणार हाय. कुणाची पिल्लं असतील तर आजच हलवा." मग आजूबाजूची दारं वाजवून विचारायचे, "कुणाची हरकत न्हाय न्हवं?" शुक्रवार पेठेत आमच्या शेजारी राहणारा हा झाडतोडीचा ठेकेदार पाखरांशी बोलतो म्हणून पोरं फिदीफिदी हसायची. अण्णांना त्याचं काही नव्हतं. "इचारल्याबिगर कुणाच्या जिवाला हात लावू नये," एवढंच म्हणायचे.

माणूस तसा तापट. मजुरावर ओरडले की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं, आणि जेवायच्या वेळी त्याच मजुराला स्वतःच्या डब्यातली कडक भाकरी नि शेंगाचटणी वाढायचे. अण्णा जाऊन बरेच दिवस झाले, पण कुणी मोठ्यानं बोललं की मी अजून खिडकीशी जातो.

झाड पाडणं त्या मानानं सोपं. खालचा बुडखा काढायचा तर पहार-टिकाव घेऊन दिवसच्या दिवस खणावं लागतं. त्यात अण्णांचा जुना गडी मारुती कंबर धरून बसला. "माणसं मोडून बुडखं काढण्यात काय अर्थ हाय?" असं म्हणत अण्णांनी बुडख्याचा जागच्या जागी भुसा करणारं मशीन घ्यायचं ठरवलं. माहितीपत्रकं इंग्रजीत, म्हणून शेजारच्या शाळामास्तराला, म्हणजे मला, सोबत घेतलं.

सात रस्त्याजवळच्या दुकानात दोन मशीनं होती. एक मोठं, दांडगं. दुसरं लहान आणि संथ. विक्रेता मोठ्याचं गुणगान गाऊ लागला, तसे अण्णा म्हणाले, "तोंडानं सगळीच मशीनं चालत्यात की. चालवून दाखवा." विक्रेता तयार झाला. बुडखा तेवढा तुम्ही दाखवा, म्हणाला.

"हाय की, आमच्याच गल्लीत," अण्णा म्हणाले.

गल्लीच्या तोंडाशी, किराणा दुकानासमोर, कडुलिंबाचा बुडखा होता. झाड केव्हाच वादळात पडलेलं. एका दुपारी तिथं मोठं मशीन आलं. मांडलेला चहा उकळेपर्यंत बुडख्याचा भुसा झाला. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. अण्णा तर लग्नघरच्या यजमानासारखे सगळ्यांकडं बघून हसत उभे होते.

मशीन थांबलं आणि मल्लव्वा भाजीची टोपली घेऊन आली. त्या बुडख्यावर बसून ती रोज संध्याकाळी मेथी, शेपू, चुका विकायची. तिचे गुडघे गेले होते, जमिनीवर बसता येत नव्हतं. तिनं तिथून उठावं म्हणून किराणा दुकानदारानं नाना खटपटी केल्या होत्या. पण बुडखा हलवणं त्याच्या हातात नव्हतं, म्हणून मल्लव्वाही हलली नव्हती. हे गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आम्हाला ठाऊक नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणणार?

टोपली डोक्यावर तशीच धरून ती भुशाकडं बघत राहिली.

"मेलेलं लाकूड म्हणून... ध्यानातच आलं न्हाय, मल्लव्वा," अण्णा म्हणाले.

"पाखराला इचारता, अण्णा," ती म्हणाली. "मला तर बोलता येतंय की."

ती ओरडली असती तर आम्हाला बरं वाटलं असतं. टाळ्या वाजवलेले हात कुठं ठेवावेत ते मला कळेना. विक्रेता बिचारा विचारत होता, "काका, मग हेच पक्कं ना?"

दुसऱ्या दिवशी अण्णांनी तिथं एक जाड ओंडका आणून ठेवला. संध्याकाळच्या आत दुकानदारानं तो गटाराकडं लोटून मोटारसायकली लावल्या. अण्णा तावातावानं भांडायला गेले. "मशीन मी आणलं होतं का?" दुकानदार म्हणाला. अण्णा आल्या पावली माघारी फिरले. मग त्यांनी मल्लव्वाला स्वतःच्या घरापुढचा कट्टा देऊ केला. "हितं आत कोण येतंय गिऱ्हाईक?" म्हणून ती टोपली घेऊन दारोदार फिरू लागली.

अण्णांनी शेवटी लहान मशीन घेतलं. मी म्हणालो, "अहो, मोठं घ्या. काम किती झटपट करतं, बघितलं ना?"

"बघितलं म्हणून तर नको," ते म्हणाले. "कुणी थांबा म्हणायला येस्तवर काय उरतच न्हाय."

मल्लव्वा आमच्या दोघांच्या दारी यायची तेव्हा पायऱ्यांवर तिचे गुडघे कुरकुरताना ऐकू यायचे. अण्णा पुढं होऊन टोपली उतरवायचे, पण तिच्याकडं न बघता. एकदा त्यांनी धीर करून कानडीत म्हटलं, "तप्पायतव्वा." चूक झाली, बाई.

"व्हय, झाली," मल्लव्वा म्हणाली आणि मेथीची जुडी त्यांच्या हातात दिली.

फिरणं झेपेना तेव्हा तिची लेक तिला बार्शीला घेऊन गेली. मला ते भाजी घेताना कुणाकडून तरी कळलं. मी अण्णांना सांगितलं आणि वर म्हणालो, "बरं झालं. सुटली बिचारी."

अण्णा माझ्याकडं वळले.

"ती कशाला सुटती, मास्तर? आपण सुटलो. आता रोज तोंड दाखवायला नको."